चारचा कंडेन्सर

"आगं, काल रातच्याला जळक्याचा वास तुमच्याकडूनच आलता का? मी आपली आमचा गॅस दोनदा बगून आले."

"आमच्याकडूनच की, काकू. पंखा गेला. तसा पंख्याला काई झालं नव्हतं, नुसता हळू फिरायलाता. कंडेन्सर बदलला असता की झालं असतं. पन मालकानं मोबाइल उघडला. त्यातलं पोरगं म्हनतंय, मोठा कंडेन्सर टाका, पंखा कसा पळतोय बगा. जुन्यावर अडीच लिवलेलं होतं, ह्यांनी दुकानातून चारचा आनला."

"मंग, पळला का?"

"पळला की! सासूबाई म्हनल्या, झिंजा उडायल्यात. निजायच्या वक्ताला घुर्रर्र आवाज, मंग धूर. आतलं वाइंडिंग तापून तापून जळालं. आता माजलगावला भरायला दिलाय. त्याच्या आधी झटका बसला तो येगळाच."

"मेन बंद केलं नव्हतं?"

"केलतं की. तरी जुना काढताना दोन्ही वायरी धरल्या आन् मालक स्टुलावरून खाली. लाइट नसताना झटका कसा, म्हनून हे कोड्यात. वायरमन हसला. म्हनला, कंडेन्सर करंट धरून ऱ्हातो. आदी त्याच्या वायरी एकमेकीला टेकवायच्या, मंग हात लावायचा. व्हिडिओत त्या पोरानं ते केलं आसंलबी, पन बोलला नाई."

"आन् ते छत? वैशाखात लई जोरात चाललं होतं."

"त्याचं तर इचारूच नका, काकू. तेबी त्याच पोराचा व्हिडिओ बगून. भेगेत पांढरं सिमिट भरलं, वरून केमिकलचे दोन हात दिले. उरलेलं वाया नको म्हनून पन्हळीजवळ चांगला जाड थर चोपडला. मिरगाचा पाऊस आला आन् पानी पन्हळीकडं जायचं सोडून वरच तुंबलं. चिमन्यांची आंघोळीची सोय झाली. खाली चुलीवर टपटप चालूच."

"भेग तर बुजवली होती ना?"

"बुजवली की. मिस्त्री म्हनला, दिवसा उन्हानं स्लॅब फुगतो, रातच्याला आखडतो. सिमिट कडक, ते तानत नाई, तिथंच परत फुटतं. त्या पोरानं आपल्या दिंद्रुडचं ऊन कुठं बगितलंय? आन् खरी भेग तिथं नव्हतीच. पानी शिरायलं टाकीच्या पाइपापासून, तिथून सळईच्या कडंकडंनं चालत येऊन टपकायलं चुलीवर. डागाखालीच भोक आसंल म्हनून ह्यांनी नेमकं तिथलंच प्लास्टर ठोकून काढलं."

"कुठं दुखतंय, हे डाक्टर तरी इचारतो. मोबाइल काय इचारतो?"

"आमच्या सासूबाई तेच म्हनायल्यात. माळवद होतं तवा दर साल पावसाआदी वर जाऊन पांढरी माती टाकायची, तुडवून बसवायची. कुठं दबलंय ते पायालाच कळायचं, म्हनल्या."

"मंग उतरवलं कशापायी?"

"किल्लारीच्या भूकंपापायी. ९३ साली, गनपती बुडवून लोक निजले आन् पहाटं सगळं खाली आलं. दगडमातीच्या घराखाली मानसं गेली, हे ऐकून मामंजींनी माळवदाचा धसकाच घेतला. तवा हा स्लॅब आला. पन त्याच्यावर कोनी दरसाली चढत नाई. गळलं की मोबाइल!"

"समदेच व्हिडिओ खोटे नसत्याल गं. माझ्या नातवानं बगूनच नळाचा वायसर बदलला, अजून थेंब नाई."

"वायसर चुकला तर लई झालं तर बादली भरती, काकू. पंखा डोक्यावर आस्तो. मिस्त्री सोमवारी येनाराय. मालकाला म्हनलं, त्या दिवशी तुमी रानात जा आन् मोबाइल मला देऊन जा."

"आमचाबी पंखा हळूच फिरायलाय गं."

"मंग जुन्यावरचा आकडा वाचा, तेवढाच आना, आन् लावायला वायरमनला बोलवा. चारचा कोनी देत आसंल तर घेऊ नका."