खंड्यासाठी स्थळ

आजवर मी सतरा लग्नं जमवली. त्यांतली तीन मोडली, पण तो दोष पत्रिकेचा. त्यामुळे लोह्याकडच्या ओळखीच्या धनगर मामांनी मेंढरं विकली आणि "सायेब, कुत्र्याचं तेवढं बघा" म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं. नांदेड-लातूर पट्ट्यात आपला शब्द चालतो, अशी माझी समजूत होती. "स्थळ मिळेपर्यंत राहू द्या आमच्याकडं," असंही बोलून बसलो. हे घरी विचारून बोलायचं असतं.

खंड्या आला. करडा, हाडापेरानं मोठा, एक कान फाटका. मी त्याच्यासाठी साडेआठशे रुपयांचा लाल पट्टा, गादी आणि बिस्किटं आणली. गादी त्यानं हुंगलीसुद्धा नाही. सिनेमातली मेंढ्यांची कुत्री मेंढ्या वळवतात, पळवतात. आपल्याकडं वळवायला धनगराची हाळी आणि काठी पुरते. कुत्र्याची ड्यूटी रात्री. मेंढरांचा वाडा रानात बसला की चौफेर फिरायचं, लांडग्याला कोकराजवळ फिरकू द्यायचं नाही, आणि झोप दिवसा काढायची. अशा रात्रपाळीच्या माणसाला मी गादी आणून दिली होती. त्यानं रात्रभर कॉलनी राखली. प्रत्येक स्कूटर त्याच्या लेखी लांडगा होती.

तिसऱ्या दिवशी त्याला कळप सापडला. सकाळी फिरायला जाणारे आम्ही अकरा ज्येष्ठ नागरिक. तो मागून चालायचा, बाकावर बसलो की थोडा लांब, आमच्याकडं पाठ करून बसायचा. शेजारच्या कॉलनीतले एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्यात यायला निघाले, तर त्यानं त्यांना नाल्यापर्यंत पोचवलं. आमच्या वयाला कुणीतरी राखण करावी हे खरं. पण पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढून शेवटी मेंढरात गणना व्हावी?

"अहो, तुमचं स्थळ कुठवर आलं?" बायकोनं आठवड्यानं विचारलं.

खरं तर आमच्या जिल्ह्यात कुत्र्याला घर शोधत फिरावं लागणं हीच नामुष्की. इथं माहूरला दत्तशिखर. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, आणि ती म्हणजे चार वेद असं लहानपणी ऐकलेलं. (आमच्या गल्लीतले वेद रात्री दोनला सुरू होतात.) इकडं लोहा तालुक्यात माळेगावचा खंडोबा. त्याचे वाघ्ये तर स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेतात, आणि जुन्या रिवाजात कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, खाताना भुंकायचेदेखील. मार्गशीर्षात तिथं यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांच्याबरोबर कुत्र्यांचाही बाजार असतो, जिल्हा परिषद श्वानप्रदर्शन भरवते. पलीकडं हिंगोलीत नर्सी, नामदेवांची. कुत्र्यानं पोळी पळवली तर 'कोरडी खाऊ नकोस रे' म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावलेला माणूस आमच्या भागातला. मी स्वतः खंड्यामागं बिस्किटं घेऊन धावलो. पण नामदेवांना त्यात देव दिसला, मला फक्त धाप लागली.

तर स्थळं. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला आणि फोन सुरू झाले. औसा, अहमदपूर, उदगीर, देगलूर. पहिला प्रश्न एकच : "जात कोणती?" लातूरकडच्यांना कारवानी हवा, नाहीतर पश्मी. एकानं खंड्याच्या आईवडिलांची माहिती विचारली, एकानं कागद मागितले. एक जण म्हणाला, "धनगराचं कुत्रं व्हय? मग राहू द्या." मी सतरा लग्नं जमवताना हाच प्रश्न न चुकता सगळ्यात आधी विचारलेला आहे, तोही मोठ्या अधिकारानं. तो दुसऱ्याच्या तोंडून, तेही कुत्र्याबद्दल ऐकताना मला राग आला. इतकी वर्षं तो कुठं होता, कोण जाणे.

आमच्याकडं गाईला नाव आहे, लाल कंधारी, देवणी. शेळी उस्मानाबादी. मेंढीसुद्धा दख्खनी. 2005 साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे, हिमालयातला मेंढ्या राखणारा कुत्रासुद्धा आहे. बालाघाटच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या लांडग्याशी भिडणाऱ्याला मात्र नाव नाही.

मामांनी मेंढरं हौसेनं विकली नव्हती. पूर्वी शेतकरी बोलावून रानात वाडा बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायचे. आता सोयाबीन निघालं की लगेच हरभरा, बांधाला तारेचं कुंपण, गायरान नकाशापुरतं. मामा लातुरात एका इमारतीवर रात्रीचे वॉचमन आहेत. म्हणजे खंड्याची नोकरी मामांना मिळाली. खंड्याला तिथं मज्जाव. सोसायटीत कुत्रं चालत नाही. मामा रोज रात्री फोन करायचे. "जेवला का?" विचारायचे आणि मग नुसतेच गप्प राहायचे. फोन ठेवायचे नाहीत. मीही ठेवत नसे.

शेवटी त्याला माळेगावला नेलं. प्रदर्शनात नाही, मागच्या माळावर. तिथं एक वाडा उतरला होता. म्हाताऱ्या धनगरानं खंड्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, फाटका कान बोटांत धरून पाहिला आणि एवढंच विचारलं, "रातीला जागतंय का?"

"जागतो," मी म्हणालो. याबाबतीत माझ्याइतका खात्रीचा साक्षीदार महाराष्ट्रात नव्हता.

त्यानं पट्टा सोडवून माझ्या हातात दिला. "ह्ये कशाला? काट्याकुट्यात अडकतंय." खंड्या कोकरांच्या कडेनं एक फेरी मारून आला आणि आमच्याकडं पाठ करून बसला. मी मामांना फोन लावला. ते म्हणाले, "मेंढरं किती हायत?"

"दीडशे असतील."

"मग बास झालं," म्हणाले, आणि त्या दिवशी फोन त्यांनीच आधी ठेवला.

पट्टा घरी खुंटीला आहे. लाल, साडेआठशेचा, जेमतेम महिना वापरलेला. कुणाला हवा असल्यास घेऊन जावा. जातीची अट नाही.