पुढून घट्ट

भाऊंची गाडी रेसची आहे, हे आधी मान्य करायचं आणि मगच त्यांच्या ओट्यावर बसायचं, असा कर्जतच्या भिसेगावात अलिखित नियम आहे. ज्यांनी तो मोडला त्यांना चहा मिळाला, पण बिनसाखरेचा. ही रेसची गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. मागून चाकांवर, पुढून लोखंडी घोड्यांवर. पुढची दोन्ही चाकं भिंतीला टेकवलेली असतात, आणि त्यांच्यावर वहिनी पावसाळ्यात पायपुसणी वाळत घालतात.

नवख्या माणसाला ती जुनी स्टँडर्ड हेराल्ड दिसते. तसं म्हणायचं नाही. भाऊंच्या मते ती स्पोर्ट्‌स कार आहे आणि त्याला त्यांच्याकडे वंशावळीचा पुरावा आहे. इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड आली 1959 साली. तिचीच चासी आखूड करून 1962 साली दोन सीटची स्पिटफायर निघाली. दोघींचं रूप इटलीच्या मिकेलोत्तीनं रेखलेलं. म्हणजे हेराल्ड ही स्पिटफायरची थोरली बहीण, आणि थोरलीचा मान धाकटीपेक्षा कमी असतो का? मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सनं 1961 पासून ती आपल्याकडे बांधली आणि लोकांनी तिच्यात बसून मुंजी-लग्नं केली, यात गाडीचा काय दोष, असं ते विचारतात. इंजिन 948 सीसीचं आहे. हा आकडा भाऊ हळू आवाजात सांगतात.

भाऊ रेल्वेत होते. कर्जतला रेल्वेत असणं यात विशेष काही नाही; विशेष आहे ते त्यांचं काम. 1863 साली खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग 37 ला 1 असा चढतो, म्हणून कर्जतला लांबच्या गाड्या थांबतात आणि त्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. भाऊंची सगळी नोकरी ही इंजिनं जोडण्यात-सोडण्यात गेली. आख्खी हयात गाडीच्या शेपटीशी. पुढे कोणतं इंजिन आहे, ड्रायव्हर कोण आहे, हे त्यांना कधी दिसलंच नाही. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात. भाऊ गाडीच्या पुढच्या टोकाला गेले. तिथून ते अजून परत आलेले नाहीत.

आता त्यांना जगात दुसरं काही दिसत नाही. दारात गाडी थांबली की भाऊ आधी पुढचे टायर बघतात, मग उतरलेल्या माणसाचं तोंड. "आतून खातोय," असं त्यांनी म्हटलं की पाहुणा स्वतःचं पोट चाचपतो. रिक्षाला ते वाहन मानत नाहीत, कारण पुढे एकच चाक. कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, मोजायचा कुणाशी ताडून? दहिवलीच्या एका लग्नात वरात दारात आली तेव्हा सगळे नवरदेवाला बघत होते आणि भाऊ वाकून सजवलेल्या गाडीचा लोअर आर्म बघत होते. "बुश गेलेत," त्यांनी नवरीच्या मामाला सांगितलं. मामा घाबरून जेवणघराकडे धावला.

हेराल्डचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटतं. ते उघडलं की समोरचं सगळं सस्पेन्शन उघड्यावर येतं: वरचा आर्म, खालचा आर्म, मधे स्प्रिंग आणि शॉक, कडेला चाक धरणारा उभा लिंक. हे दर्शन भाऊ आल्यागेल्याला घडवतात. त्यातही गाभारा म्हणजे ट्रनियन. उभ्या लिंकचं खालचं टोक या ट्रनियनमध्ये आट्यांनी बसतं, आणि स्टिअरिंग फिरवलं की लिंक त्या आट्यांत फिरतो. डाव्या चाकाचे आटे एका दिशेचे, उजव्याचे उलट्या, त्यामुळे इकडचं तिकडे चालत नाही. त्यात घालायचं असतं नव्वद नंबरचं गिअर ऑइल. ग्रीस नव्हे. ग्रीस खालपर्यंत पोचत नाही, आत पाणी साचतं, लिंक गंजतो आणि एक दिवस वळणावर कडकन मोडून चाक मडगार्डाखाली आडवं होतं. गावातल्या एका मेकॅनिक पोरानं एकदा मदत म्हणून, न विचारता, तिथे ग्रीस मारलं. भाऊंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या लग्नाला मात्र गेले आणि आहेर दिला: नव्वद नंबरच्या ऑइलचा डबा.

"लोटसचं नाव ऐकलंय का?" ते मला नेहमी विचारतात. ऐकलंय म्हटलं तरी सांगतात. लोटस एलानसारख्या गाडीनंही पुढचे उभे लिंक ट्रायम्फच्याच घराण्यातले उचलले. "लोटसवाल्या चॅपमनला चाललं. आणि आमच्या हिला विचारा, काय म्हणते?"

वहिनी काय म्हणतात ते तांदळाच्या पोत्यांवरून कळतं. मूळच्या स्प्रिंगा मऊ, म्हणून भाऊंनी इंग्लंडहून आखूड आणि कडक स्प्रिंगा मागवल्या: इंचाला 330 पौंडाच्या. म्हणजे 330 पौंड वजन ठेवलं की स्प्रिंग एक इंच दबली पाहिजे. कागदावर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवणारे भाऊ नव्हेत. 330 पौंड म्हणजे दीडशे किलो, म्हणजे तांदळाची पन्नास किलोची तीन पोती. वर्षाचा तांदूळ नुकताच भरलेला होता, कर्जत-3, इथल्याच भातसंशोधन केंद्राचं वाण. भाऊंनी स्प्रिंगेवर पाट ठेवून पोती रचली आणि आडवे होऊन पट्टी लावली. इंच भरला. दुसऱ्या स्प्रिंगेला इंच भरेना, तेव्हा स्प्रिंगेत खोट की तांदळात, असा प्रश्न पडला. तिसरं पोतं वहिनींनी मधल्या काळात लेकीकडे पाठवण्यासाठी अर्धं केलं होतं. भाऊ म्हणाले, "चाचणी चालू असताना धान्य काढत नाहीत." वहिनी म्हणाल्या, "मग स्प्रिंगाच शिजवा."

कॅम्बर ते गवंड्याच्या ओळंब्यानं मोजतात. खालच्या आर्मच्या ब्रॅकेटमागे पत्र्याच्या चकत्या सारल्या की चाक खालून बाहेर येतं, वरून आत कलतं, आणि वळणावर टायर जमिनीला पुरता टेकतो. हे खरं आहे, जगभरचे रेसवाले हेच करतात. त्या चकत्या भाऊ घरातल्या डब्यांच्या पत्र्यातून कापतात. बेसनाच्या डब्याला झाकण का नाही, याचं उत्तर त्यांच्या डाव्या चाकामागे आहे.

खरा घोळ ब्रेकनं घातला. पुढे ड्रम होते. रेसला डिस्क हवी. स्पिटफायरची डिस्क आली. तेवढ्यात कळलं की ट्रायम्फच्याच जीटी-6 ची डिस्क मोठी असते. ती मागवली, तर तिला तिचाच जाडा लिंक लागतो. लिंक आला, तर त्याला ट्रनियन वेगळा. ट्रनियन आला तोवर बुश पॉलियुरेथेनचे करायचं ठरलं, आणि बुश बसवायला सगळं पुन्हा उतरवलं. प्रत्येक खोक्यावर कस्टम ड्यूटी. काही माल कुर्ल्याच्या भंगारबाजारातून, काही खोपोलीच्या लेथवर घासून. मागणी डाव्या-उजव्या जोडीची असते, हाताला लागतं ते नेहमी उजवं. लेथवाल्यानं एकदा नमुना म्हणून उजवा लिंक नेला आणि डावा बनवून देतो म्हणाला. आला तो आणखी एक उजवा, चकचकीत.

आता एक गोष्ट सांगतो, ती भाऊंच्या ओट्यावर बोलू नका. या गाडीची प्रसिद्ध खोट पुढे नाहीच. ती मागे आहे. मागे स्विंग अ‍ॅक्सल. वेगात वळताना अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग वर उचलतो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी शेपूट फिरवते. साठ वर्षं जगभर हेराल्ड आणि स्पिटफायरवाले याच दुखण्यावर डोकं फोडतायत. मी एकदा धीर करून म्हणालो, "भाऊ, दुखणं मागे आणि औषध पुढे?"

भाऊंनी पाना खाली ठेवला. हा माणूस पाना सहसा खाली ठेवत नाही.

"मागचं मी आयुष्यभर बघितलं," ते म्हणाले. "पुढून घट्ट केली की मागची आपोआप गप्प बसते."

मला वाटलं, हा रेल्वेचा राग आहे. पण पुस्तकं चाळली तर भाऊ बरोबर निघाले. पुढचा अँटी-रोल बार जाड केला की वळणावर गाडीचा कल पुढची चाकं पेलतात, मागच्यांवरचा ताण कमी होतो आणि गाडी घसरलीच तर आधी नाकानं घसरते. इतकं शास्त्र ज्या माणसाकडे आहे त्याला हसताना जपून हसावं लागतं.

शर्यत कुठे, हा प्रश्न मात्र उरतो. भाऊंच्या डोक्यात मद्रास आहे. पूर्वी तिथे शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर, मोटारी पळायच्या. 1990 पासून इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. चेन्नईच्या गाड्या कर्जतवरूनच जातात, हे ते असं सांगतात की जणू हेराल्ड त्यातल्याच एका डब्यात बसून जाणार आहे. जवळची जागा म्हणून कुणी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग रेसचं नाव काढलं तर ते चिडतात. "सरळ तर बैलसुद्धा पळतात."

हे शेजारच्या पोराला लागलं, कारण त्याचे बैल खरंच पळतात. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली तेव्हापासून त्याच्या घरात ढाली मावत नाहीत. तो म्हणाला, "भाऊ, माझे बैल खाली उतरतात तरी. तुमची घोड्यावरच असते." भाऊ म्हणाले, "आमच्यात वळण असतं." पोरगं म्हणालं, "दाखवा की मग, चार फाट्यापर्यंत तरी."

भाऊंनी दाखवलं. उजवी-डावी कुठून कशी जमवली कुणास ठाऊक, पण एका रविवारी गाडी चाकांवर आली. अर्धं भिसेगाव जमलं. आखूड स्प्रिंगांनी नाक चांगलं खाली गेलेलं, चाकं वरून आत कललेली. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी दिसत होती. पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते, असं सांगत भाऊंनी अंगणातच तिला गरकन फिरवली. टाळ्या पडल्या. वहिनींनी नारळ फोडला. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली आणि थांबली, कारण तिथे पोरांसाठी केलेला गतिरोधक आहे आणि गाडीचं पोट आता त्याच्यापेक्षा खाली आहे. बैलवाल्या पोरानं मागून ढकलून बघितलं. "बँकर लावू का भाऊ?" असं त्यानं विचारलं ते काही बरं केलं नाही.

भाऊ मागे वळले ते नाराज होऊन नव्हे. संध्याकाळी गाडी पुन्हा घोड्यांवर होती आणि ते वहीत लिहीत होते: उंची कमी-जास्त करता येणारे शॉक, नवे. वहिनी मागच्या दारातून ओरडल्या, "पुढचं झालं असेल तर मागची मोरी तुंबलीय ती बघा!" भाऊंना ऐकू आलं नाही. मागचं त्यांना ऐकू येत नाही.

त्या नव्या शॉकसाठी सगळं उतरवताना डाव्या लिंकच्या आट्यांना चीर दिसली आहे. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, गॅरेजात, आजोबांच्या पेटाऱ्यात हेराल्डचा पुढचा उभा लिंक पडला असेल तर भिसेगावात येऊन कुणालाही भाऊंचं घर विचारा. डावाच आणा. उजवे चार आहेत.