पावती कुणाच्या नावानं फाडलीत?

साहेब,

तुमचं नाव मला माहीत नाही. पावतीवर सही आहे, ती वाचता येत नाही. नोंदणी क्रमांकाची जागा कोरी आहे. तुम्ही रस्त्यावर उभी केलेली पोरं मात्र मी ओळखतो. लातूरला गांधी चौकात क्लास सुटायच्या वेळेला असतात, नांदेडला वजिराबादच्या फुटपाथवर भर दुपारी. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, मुठीत कागदी झेंडे. "काका, दोनच मिनिटं," म्हणेपर्यंत झेंडा खिशाला टोचलेला असतो. तो काढून परत देणं माणसाला जड जातं, हे तुम्ही त्यांना शिकवलंय.

मला फाईलमधल्या फोटोबद्दल विचारायचं आहे. जानेवारीत लातूरला पाहिला. चार-पाच वर्षांचं लेकरू, नाकात नळी, मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर. हृदयाला छिद्र, ऑपरेशनला अडीच लाख कमी पडतायत, असं खाली लिहिलेलं. मी पाचशे रुपये दिले. एप्रिलमध्ये नांदेडला कामाला गेलो, तर फुटपाथवर तेच लेकरू, तीच नळी, तेच कॅलेंडर आणि त्यावरचा महिनासुद्धा तोच. नाव बदललेलं, गाव बदललेलं, आजार मात्र आता रक्ताचा कर्करोग.

कुणाचं लेकरू आहे ते? त्याच्या आईला माहीत आहे का, तिच्या पोराचा फोटो घेऊन तुम्ही दोन जिल्हे फिरताय ते? ते आज जिवंत आहे की नाही, एवढं तरी तुम्हाला ठाऊक आहे का?

फाईल धरलेल्या मुलीला मी बोललो, जरा जोरातच बोललो, आणि ती रडायला लागली. कंधारकडची, एकोणीस-वीस वर्षांची. चहाच्या गाड्यावर बसवलं तेव्हा म्हणाली, "सरांनी रोज तीस पावत्या सांगितल्यात. शंभरामागं वीस आमचे. तीस नाही झाल्या तर त्या दिवसाचे वीसही नाहीत." बाकीचे ऐंशी कुठं जातात, ते तिला माहीत नव्हतं. मी तिच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला. संस्थेचं नाव येईल असं वाटलं होतं. एका माणसाचं नाव आलं. ते तुमचंच असावं.

या पोरांना लोक चोर म्हणतात, त्यांच्यावर खेकसतात. उन्हात ती उभी राहतात आणि शिव्याही त्यांनीच खायच्या. तुम्ही चौकात कधी येत नाही.

साहेब, मी औशाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली तेव्हा मी नववीत होतो. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती, आणि किल्लारी-सास्तूरकडच्या दगडमातीच्या भिंती त्यांच्या अंगावर आल्या. हजारो माणसं गेली. दुपार व्हायच्या आत आमच्या गल्लीतल्या बायकांनी भाकरी थापून पोती भरली. आईनं ट्रंकेतली दोन लुगडी काढून दिली, त्यातलं एक तिच्या लग्नातलं होतं. लामजन्याच्या रस्त्याला जे वाहन जाईल त्यात लोक सामान टाकत होते. नाव लिहून घ्या, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्याच उन्हाळ्यात मांजरेतला गाळ काढायला लोकांनी वर्गणी दिली. टँकर विकत घेऊन दिवस काढणाऱ्यांनीसुद्धा दिली. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर रोज चालतो. पंगतीत बसणाऱ्याची तिथं जात विचारत नाहीत आणि गोलकात टाकणाऱ्याला रक्कम विचारत नाहीत. आमचा भाग कोरडवाहू. सोयाबीनचा भाव पडला की घराघरात हात आखडतो. तरी मागणाऱ्याला रिकामं पाठवू नये, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालंय. तुम्ही नेमका त्यावर डल्ला मारलात.

गल्लीतल्या गणेश मंडळाला वर्गणी काढायची तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. मिसरूड न फुटलेली पोरं कागद जमवून ती काढून आणतात. तुम्हाला ते जमत नाही? विश्वस्त संस्थांचा कायदा १९५० पासून आहे, हिशेब ठेवायचा आणि तपासून घ्यायचा असं त्यात सांगितलंय. तुमच्या पोरांना एक वाक्य पाठ करून दिलंय, "आयकरात सूट मिळेल." पावतीवर ना ८०-जीचा क्रमांक, ना पॅन. आणि दोन हजारांच्या वर रोख दिली तर सूट मिळतच नाही, तरी तुम्ही पाच-पाच हजार रोख घेता.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. लहान मुलाच्या हृदयातल्या छिद्राची शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून मोफत होते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते, महात्मा फुले योजनेतूनही होते. त्या फोटोतल्या लेकराच्या बापाला कुणी एवढं सांगितलं असतं, तरी मोठं काम झालं असतं. तुम्ही त्याचा फोटो काढून नेलात.

हे कळलं ते ज्याच्यामुळे, त्याच्याबद्दल लिहितो आणि थांबतो. मे महिन्यात नांदेडला एका दवाखान्याबाहेर एक माणूस माझ्यासमोर आला. धोतर, खांद्यावर पंचा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. "मालक, पोराचं ऑपरेशन मुंबईला हाय. पैसे लागत नाहीत म्हणले, पण देवगिरीनं जायला अन् तिथं ऱ्हायला..." फाईल दिसली आणि मी हात झटकला. म्हणालो, "पुढं जा." त्यानं वाद घातला नाही. फाईल पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली आणि झाडाखाली बायको-पोराजवळ जाऊन बसला. पोराच्या मनगटाला दवाखान्याची पट्टी होती. ती दिसली तेव्हा मी रिक्षात बसलो होतो. परत आलो तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं.

तुमच्या पावतीवरचा नंबर मी त्या दिवसापासून रोज लावतो. बंद लागतो. चालू करा.