माया अर्धा इंच

शिवणकामात 'माया' म्हणजे शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं जादा कापड. उद्या अंग सुटलं तर उसवायचं आणि वाढवायचं. गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला मी दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया ठेवते, नात्यातल्या बाईच्या ब्लाऊजला पाऊण. यात प्रेमाचा भाग थोडा, हिशेबाचा जास्त. ती वाढवून घ्यायला परत येणारच आहे आणि तेव्हाही पैसे देणार नाही, तर निदान काम तरी लवकर उरकावं.

लालबागच्या चाळीत पस्तीस वर्षं मशीन चालवल्यावर या विषयावर अधिकारवाणीने लिहायला हरकत नाही, असं मला वाटू लागलं आहे. ज्यांच्या हातात कसब आणि दारात नातलग, अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. वायरमन, पार्लरवाल्या, लग्नाचे फोटो काढणारे भाचे, यांनी 'ब्लाऊज'च्या जागी आपापला शब्द घालून वाचावं.

कलम पहिलं : नातलग कसा ओळखावा. सोपं आहे. बाहेरची बाई येते ती म्हणते, "ब्लाऊज शिवायचाय, किती घेता?" नातलग बाई म्हणते, "जरा हात फिरव गं यावरून." हात फिरवणे, नजर टाकणे, टाके मारणे, बघून ठेवणे, ही सगळी नातलगांसाठी राखीव क्रियापदं आहेत. यांतल्या एकालाही दर नाही. वेळेचं मापही वेगळं. बाहेरच्यांसाठी ब्लाऊजला आठ दिवस लागतात, आपल्या माणसांसाठी पाच मिनिटं.

पाच मिनिटांत नेमकं काय होतं ते लिहूनच ठेवते. आधी पैठणीला जोडून आलेला पीस कापून वेगळा करायचा, तेव्हा हात थरथरतो, कारण कात्री एक दोरा जरी सरकली तरी साडीची किंमत हिंदमाताच्या दुकानातल्या पावतीसकट ऐकावी लागते. अस्तर पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात आत आकसतं आणि वरचं रेशीम फुगे धरतं. माप म्हणून आणलेला ब्लाऊज नऊ वर्षांपूर्वीचा असतो. मग मापाचा ब्लाऊज एकीकडे आणि समोर उभी असलेली बाई दुसरीकडे, या दोघींमध्ये वाटाघाट करून मुंढा काढायचा. बाहीला काठ दोन्ही हातांवर एकाच उंचीवर आला पाहिजे, नाहीतर लग्नाच्या फोटोत जन्मभर वाकडा दिसतो. पायपिंग, हुक, हातशिलाई. शेवटी लटकन, भुलेश्वरहून मी स्वतः आणलेलं, कारण "तुझी चॉइस चांगली आहे". नातलग बाई अस्तराचे सत्तर रुपये चोख देते आणि मनातल्या मनात व्यवहार पूर्ण करते.

बाहेर मी अस्तराच्या ब्लाऊजचे साडेपाचशे घेते. हा आकडा नातलगासमोर उच्चारायचा कसा, हाच सगळा प्रश्न आहे.

कलम दुसरं : शब्द शोधणे. मराठीत मोबदल्याला शब्दांचा तुटवडा नाही. भटजींना दक्षिणा, कीर्तनकाराला बिदागी, पाहुण्या वक्त्याला मानधन, शिवाजी मंदिरात उभ्या राहणाऱ्या नटाला नाइट. सोन्याला घडणावळ, साडीला धुलाई. गावाकडे वर्षभर राबणाऱ्याला खळ्यावर बलुतं मिळायचं. आणि काहीच न देता राबवून घेण्यालाही चांगला जुना शब्द आहे, वेठ. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी आहे, पण आतेसासूच्या फॉल-पिकोला ती लागू होते का, यावर कुणी कोर्टात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नात्यातल्या कसबाला या एवढ्या शब्दांतला एकही लागू पडत नाही. त्याला मिळतो तो चहा. तोही आपल्याच घरात, आपणच केलेला.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. भारतीय करार कायदा, १८७२. त्याच्या कलम २५ प्रमाणे मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल ठरतो. अपवाद काही आहेत, त्यांतला एक जवळच्या नातलगांचा, नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी केलेल्या कराराचा. पण तो लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. म्हणजे गोऱ्या सरकारलासुद्धा नातलगांचं प्रेम तोंडी मान्य नव्हतं. पुढे कलम ७० म्हणतं की फुकट करायचा इरादा नसताना तुम्ही कुणासाठी रीतसर काम केलंत आणि त्याने त्याचा फायदा घेतला, तर तो भरपाई द्यायला बांधील आहे. हे कलम टिपून मी मशीनवर चिकटवायच्या बेतात होते. माझ्या वकील चुलतदिराने हे सगळं फोनवर नीट समजावून दिलं. पाऊण तास बोलला बिचारा. त्याची फी विचारायचं राहून गेलं.

तिसरं ते सहावं ही कलमं मावसबहिणीने वाचायला नेली आहेत. अजून परत आलेली नाहीत.

कलम सातवं : पूर्वसुरींचे दाखले. 'आपल्या माणसांकडून पैसे घेणं आपल्यात बसत नाही' असं कुणी म्हणालं की त्याला आधी गिरगावात न्यावं. १५ मार्च १९५९ ला तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका ऐंशी रुपयांच्या कर्जावर पापड लाटायला बसल्या. त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथे प्रत्येक सभासद बाईला बहीणच म्हणतात. आणि बहिणीने जेवढे पापड लाटले तेवढी लाटणावळ तिला मिळते. 'तू बहीण ना, मग लाट की चार किलो' असं तिथे कुणी म्हणत नाही. बहीण म्हणायचं आणि मजुरीही द्यायची, या दोन गोष्टी एका छपराखाली नांदू शकतात, याचा एवढा मोठा पुरावा आपल्या गिरगावात असताना आम्ही लालबागकर अजून लाजतो.

दुसरा दाखला घरातलाच. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे. खाणावळवाली बाई बहुतेक त्यांच्याच मुलखातली, कधी नात्यातलीही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. माझ्या सासूबाई अशीच खाणावळ चालवायच्या. सात माणसं जेवायला, त्यांत एक त्यांचा सख्खा भाचा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर प्रत्येकाचे खाडे टिपलेले असायचे. भाच्याचेही. तो गणपतीला गावाला गेला की तेवढे दिवस कापायच्या, परत आल्यावर एक दिवस जास्त कापला गेलाय का ते पुन्हा मोजायच्या. पगाराच्या दिवशी भाचा पैसे मोजून देई आणि मग मावशीच्या पाया पडे. या क्रमात कुणाला काही गैर वाटत नसे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. सासूबाईंनी सातही जणांना उधारीवर जेवू घातलं, जमलं तोवर. एकेक जण गावाला गेला. ती उधारीची वही अजून फळीवर आहे. पानं पिवळी पडलीत, आकडे ठळक. भाच्याचाही आकडा आहे त्यात. त्यांनी तो खोडला नाही आणि मागितलाही नाही.

याच सासूबाईंनी, मी पहिल्यांदा जावेकडून शिलाई घेतली तेव्हा, दारात बसून विचारलं होतं, "आपल्या माणसांकडसून पैशे घेतंस गो?" मी भाच्याच्या खाड्यांची आठवण करून दिली. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की जेवणाचं वेगळं असतं, भात संपतो. मशीन काय संपतं का?

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, पण त्या नाहीत.

कलम आठवं : वही. मराठी माणूस नात्यात हिशेब ठेवत नाही, ही अफवा कुणी पसरवली ठाऊक नाही. प्रत्येक घरात आहेराची वही असते. मुंजीला कुणी पाचशे एक दिले, कुणी दोनशे एक्कावन्न, कुणी स्टीलचा डबा, सगळं तारीखवार. पुढच्या लग्नाला पाकीट भरताना ती वही काढतात आणि जेवढ्यास तेवढं, वर एक रुपया. भाऊबीजेची ओवाळणीसुद्धा बहिणीच्या लक्षात असते. फक्त त्या वहीत हाताच्या कामाचा रकाना नाही. म्हणून मी माझी वेगळी वही केली. डावीकडे नाव, मधे काम, उजवीकडे बाहेरचा दर. कुणाला दाखवायची नाही. नुसती मशीनच्या खणात असू द्यायची. वही नुसती असण्यानेही 'नाही' म्हणताना आवाज खाली राहतो, हा माझा अनुभव आहे.

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. माझ्या बाबतीत ती बहीण चक्क सीए झालेली पुतणी आहे. गिरगावात राहते. अख्ख्या घराण्याचं इन्कमटॅक्स रिटर्न तीच भरते. एकतीस जुलैची शेवटची मुदत, आणि सगळे जण तीस जुलैला रात्री फॉर्म सोळाचे फोटो तिला पाठवतात, तेही आडवे. एका काकांनी तर पासबुकातलं नेमकं हवं तेच पान सोडून बाकी सगळी पाठवली होती. गेल्या वर्षी ती रडली. मी तिला खूप समजावलं, दर लाव, लाजू नकोस, मोठी फर्म असती तर या लोकांनी मुकाट्याने दिले असते. तिने लावले. माझं रिटर्न तीच भरते, पण माझं अगदी एका पानाचं असतं, त्यामुळे ते यात धरत नाही.

कलम नववं, आणि सगळ्यात अवघड : 'राहू दे'. नातलगाने लाजेकाजेस्तव पर्स उघडली की आपल्या तोंडून 'राहू दे गं' आपोआप निघतं. ते थांबवता येत नाही. आईच्या दुधाबरोबर आलेलं आहे. तेव्हा एकदा म्हणून घ्यावं, मात्र म्हणताना हात पुढे असावा. दुसऱ्यांदा म्हटलं की समोर पर्सची चेन बंद झाल्याचा आवाज येतो, आणि तो आवाज आला की पुढची पाच वर्षं त्या घरचे सगळे ब्लाऊज आपले.

हे सगळं लिहून झालं आणि दुसऱ्याच दिवशी धाकटी नणंद आली. एका हातात मसाल्याची बरणी, दुसऱ्या हातात दोन वर्षांपूर्वीचा ब्लाऊज. "वहिनी, माया आहे ना गं यात?"

माया होती. पाऊण इंच. मी उसवायला घेतला आणि मनाशी ठरवलं की सुरुवात घरापासूनच करायची. वही काढली. दिवाळीचे दोन ब्लाऊज, अकराशे. आजचं उसवून वाढवणं, एकशेवीस. एकूण बाराशेवीस. मी वही तिच्यासमोर सरकवली. लिखाणही वाचून दाखवलं, म्हणजे तिला वाईट वाटू नये.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पेन्सिल मागितली.

"या वर्षीचंच धरू," म्हणाली. दर एप्रिलमध्ये माझा पाच किलो मसाला तिच्याकडून येतो. मिरच्यांचे आणि गरम मसाल्याचे पैसे मी चोख देते. बेडगी आणि संकेश्वरी ती स्वतः लालबागच्या बाजारात जाऊन निवडते. गच्चीवर वाळवते, देठं मोडते, दोन दिवस तिच्या हातांची आग होते. भाजायला घेतला की अख्खा मजला खोकतो. मग डंकावर रांग. बाहेरच्यांकडून ती किलोला दोनशे भाजणावळ घेते, हे मला त्या दिवशी कळलं. पाच किलोचे हजार. डंकाचे तीनशे तिने खिशातून भरलेले. तिने बेरीज केली, खाली रेघ मारली, पुन्हा वरून खाली तपासली. सासूबाईंचीच लेक.

ऐंशी रुपये माझ्याकडून निघत होते.

मी पर्स आणायला उठले. "राहू दे गं वहिनी," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.