दुर्बीणदानविधी

गोदान, भूदान, सुवर्णदान, झालेच तर छत्री आणि पादत्राणे. शास्त्रकारांनी सगळ्यांची सोय लावून ठेवली. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेल्या सहा इंची दुर्बिणीचे काय करावे, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही. १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूपायी ज्यांना आकाशाचे वेड लागले, ते आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्या इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत. नव्या फ्लॅटला माळा नसतो. तेव्हा विधी लिहून ठेवणे निकडीचे आहे.

प्रथम संकल्प. दात्याने दुर्बीण खाली काढावी, पण 'एकदा शेवटचे बघून घेऊ' म्हणून गच्चीवर नेऊ नये. नेल्यास शनी दिसतो आणि दान बारगळते.

आरसा पुसू नये. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. धुळीने फारसे बिघडत नाही; स्वच्छ रुमालाने मात्र कायमचे ओरखडे पडतात. आरसा स्वतः घासलेला असल्यास ही गोष्ट घेणाऱ्याला एकदाच सांगण्याची मुभा आहे. दोन काचांमध्ये कार्बोरंडमची पूड, पाणी, आणि घासता घासता पिंपाभोवती घातलेल्या प्रदक्षिणा, एवढ्यावर थांबावे. खालची काच कुठे आहे, असे कोणी विचारत नाही. वरची खोलगट होत गेली तशी ती फुगीर झाली, आणि आता स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीखाली आहे. तिला तिथून हलवू नये. दान दुर्बिणीचे आहे, संसाराचे नव्हे.

सुटे भाग बहुधा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. जुन्या छोट्या दुर्बिणींचे आयपीस ०.९६५ इंची, हल्लीच्या दुर्बिणींना सव्वा इंची लागतात. म्हणजे हे नव्या दुर्बिणींना बसत नाहीत, आणि नेमके म्हणूनच दाता ते 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवून घेतो. तसे करू नये. आयपीसविना दिलेली दुर्बीण ही नुसती नळी होय.

बाजारातली साठ मिलिमीटरची दुर्बीण असेल, तर तिचे खोके आधी रद्दीत घालावे. त्यावर '६७५ पट' असे छापलेले असते. गणित चोख आहे: नाभीय अंतर ९०० मिलिमीटर, आयपीस ४ मिलिमीटरचा, म्हणजे २२५ पट, वर तिप्पट करणारे बार्लो भिंग. पण एवढ्याशा भिंगाला १२० पटींपलीकडे झेपत नाही. ६७५ पटीला गुरू ताकात पडलेल्या बत्तीसारखा दिसतो. बार्लो डब्याच्या तळाशी टाकावे आणि वीस-पंचवीस मिलिमीटरचा आयपीस वर ठेवून 'आधी हा' अशी चिठ्ठी लावावी.

डब्यात एक काळी काच निघेल, आयपीसला आटे फिरवून बसवायची, सूर्यासाठी म्हणून दिलेली. ती कोणालाही देऊ नये. दुर्बिणीने एकवटलेल्या उन्हात ती तापून तडकू शकते, आणि पलीकडे डोळा असतो. हातोडी घ्यावी, जुन्या फडक्यात गुंडाळून तिचा चुरा करावा. या कलमात विनोद नाही.

आता पात्रापात्रविवेक. 'चंद्रावरचा झेंडा दिसतो का?' असे विचारणारा चालेल. कुतूहल आहे, प्रमाण कोणी सांगितलेले नाही, इतकेच. 'समोरच्या बिल्डिंगमधले दिसते का?' असे विचारणाऱ्याला 'दिसते, पण सगळे उलटे' एवढे खरे सांगून चहावर बोळवण करावी. शाळेला द्यावी, असे सगळेच सुचवतात. शाळा संध्याकाळी बंद होते आणि दुर्बीण लोखंडी कपाटात जाते. रात्री पोरांना घेऊन मैदानात थांबणारा एखादा शिक्षक असेल, तर शाळेला नव्हे, त्याच्या हाती द्यावी. आठवीतली एखादी मुलगी आणि तिला रात्री दहापर्यंत गच्चीची किल्ली देणारे आईवडील, हे सर्वोत्तम पात्र.

मुहूर्त शुद्ध सप्तमी-अष्टमीचा. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेलगत विवरांच्या सावल्या लांबतात आणि पहिल्याच रात्री घेणारा 'अरे बापरे' म्हणतो. पौर्णिमा दानाला कितीही पुण्यकारक असो, तेव्हा चंद्र सपाट दिसतो. तेजोमेघ दाखवायचे तर अमावास्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथी सांगू नये. पावसाळ्यात दान करूच नये. सप्टेंबरपर्यंत भिंगावर बुरशी येते आणि दोष दात्याच्या नावावर जमा होतो.

दक्षिणा म्हणून आरसा जुळवायचा पाना आणि एक जुना तारकानकाशा द्यावा. नकाशावर प्लूटो ग्रह असेल तर खोडू नये. २००६ सालची गोष्ट त्या मुलीला तिची तिला कळेल.

'इदं न मम' म्हणून झाल्यावर माळ्यावर ट्रायपॉडचा एक स्क्रू सापडतोच. तो पोचवणे हे दात्याचे कर्तव्य आहे. स्क्रू कुरियरने पाठवू नये. आकाश निरभ्र बघून, साडेसातनंतर, जेवण उरकून स्वतः घेऊन जावा.