कूलरसमोरची समीक्षा

"अहो, वाचून राहिले का झोपून राहिले?"

एप्रिलपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत आमच्या घरात दुपारी अडीचच्या सुमारास हा प्रश्न रोज विचारला जातो. मी कूलरसमोर सतरंजीवर आडवा, पुस्तक छातीवर पालथं, चष्मा कपाळावर. "वाचून राहिलो," असं मी डोळे न उघडता सांगतो. नागपुरी बोलीत याचा अर्थ 'वाचतो आहे'. पुण्याच्या पाहुण्याला मात्र वाटतं, की याचं वाचून झालं आणि मग हा तसाच पडून राहिला. माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ खोटे असतात.

मी वाचक आहे तो असा. मराठी घेऊन एमए केलेलं नाही, वहीत टिपणं काढत नाही आणि 'आशयद्रव्य' हा शब्द आला की पान उलटतो. पण पुस्तकांबद्दल मला मतं आहेत, आणि ती कूलरच्या कसोटीवर घासून घेतलेली आहेत. ज्यांनी नागपूरचा मे काढलेला नाही त्यांना ही कसोटी कळायची नाही. पारा पंचेचाळिशीच्या पुढे, नवतपा लागलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पोटात आंब्याचा रस. समोर नव्या ताट्या लावलेला कूलर, वाळ्याचा ओला वास, पंपाची एकसुरी खुडखुड. अशा वाऱ्यात माणसाला जे पुस्तक जागं ठेवतं ते चांगलं. बाकीची महान असतील, त्याबद्दल वाद नाही.

आता 'मृत्युंजय'. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ सालची, आणि ती झोपून वाचायची नाही हे मला नाकावर आदळल्यावर कळलं. डुलकी लागली की हात सैल होतात आणि सातशेच्या वर पानं थेट चेहऱ्यावर येतात. कर्णाच्या मांडीवर परशुरामांनी डोकं ठेवलं होतं, भुंगा मांडी पोखरत होता, तरी तो हलला नाही. मला कूलरच्या टाकीतला एक मच्छर चावला तर मी पान सोडून अर्धा तास त्याच्या मागे होतो. तेव्हा कर्णाबद्दल आदर आहेच. माझं प्रामाणिक मत एवढंच, की यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण सगळे आळीपाळीने बोलतात आणि सगळे सारख्याच नटलेल्या मराठीत बोलतात. त्यामुळे कर्णाच्या बोलण्यात डोळा लागला आणि शोणाच्या बोलण्यात जाग आली तरी फारसं काही बुडत नाही. आणि मराठी माणसाला कर्ण एवढा का आवडतो, याचंही उत्तर मला सापडलं आहे. आमच्या ऑफिसात ज्याचं ज्याचं प्रमोशन अडलं तो तो स्वतःला कर्णच समजत होता. अर्जुन एकही नव्हता. साहेबसुद्धा नाही.

'कोसला'बद्दल मात्र जरा बसून बोलावं लागेल. एकोणिसाव्या वर्षी मी ती वाचली नाही, बाळगली. झोळीतून तिचा कोपरा बाहेर दिसेल अशी ठेवायची, चहाच्या टपरीवर मुद्दाम विसरायची आणि धावत परत न्यायला जायचं. कुणी विचारलं तर "नेमाड्यांनी कादंबरी मोडली बे," एवढं म्हटलं की पुरायचं. कुठून मोडली, हे कोणी विचारत नसे. विचारणाऱ्याने तरी कुठे वाचली होती! खरी वाचली ती पंचवीस-सव्वीस वर्षांनी, जेव्हा माझा पोरगा शिकायला पुण्याला गेला आणि दर महिन्याच्या वीस तारखेला "बाबा, थोडे पैसे टाका ना" असा निरोप यायला लागला. मग काय, जन्माने पांडुरंग सांगवीकराच्या बाजूचा असलेला मी पहिल्या पन्नास पानांतच त्याच्या वडिलांच्या बाजूला गेलो. पुण्यात हा मेस चालवतो, मित्रांवर उधळतो, आणि पैसे कोणाचे? समासात मी पेन्सिलने खर्चाचा हिशेब मांडायला लागलो. पुस्तक १९६३चं, त्यामुळे महागाईसुद्धा धरावी लागली. पोराला फोन करून सांगितलं, "कोसला वाचतो आहे." तो म्हणाला, "भारी आहे ना?" मी म्हटलं, "तू अजिबात वाचू नको." हिशेब चालू होता तो मनीच्या मरणापर्यंत. तिथून पुढे समास कोरे आहेत.

नागपूरकराला ग्रेस टाळता येत नाहीत. ते इथलेच, त्यामुळे इथल्या बऱ्याच लोकांनी त्यांना पाहिलेलं आहे आणि पाहिलेल्या माणसाच्या कविता समजल्या नाहीत असं म्हणायची चोरी असते. 'संध्याकाळच्या कविता'सुद्धा १९६७च्याच. म्हणजे एकाच वर्षी मराठी वाचकाला सगळं उलगडून सांगणारं एक पुस्तक मिळालं आणि काहीही न सांगणारं दुसरं. दुर्बोध म्हणून ग्रेसांवर टीका करणाऱ्यांचं मी ऐकलं आहे आणि त्यांचा अर्थ लावून सांगणाऱ्यांचंही ऐकलं आहे. अर्थ लावून सांगणाऱ्यांचं जास्त कळलं नाही. एकदा आई ओट्याशी मेथी निवडत बसली होती, मी तिला दोन कविता मोठ्याने वाचून दाखवल्या. तिचे हात थांबले. म्हणाली, "मले तं काई समजलं नाही." मी पुस्तक मिटायला लागलो, तशी म्हणाली, "मिटतो कायले? आणखी एक वाच." ग्रेसांबद्दल यापेक्षा नेमकं मत माझ्याकडे नाही.

समजण्यावरून आठवलं. उद्धव शेळक्यांची 'धग' वाचताना पहिल्यांदा मला वाटलं, की हे पुस्तक माझ्यासाठी लिहिलंय. कौतिकची भाषा वऱ्हाडी, माझ्या आजीची. मुंबईच्या एका पाहुण्याने ती वाचताना मला चार-पाच शब्दांचे अर्थ विचारले. आयुष्यभर 'पडवी', 'माजघर', 'आगोट' यांचे अर्थ अंदाजाने लावत आलेल्या मला त्या दिवशी जो आनंद झाला तो काही वाङ्मयीन नव्हता.

रहस्यकथा हा माझा खरा प्रांत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या. एवढ्या लिहिल्या म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हजार पत्रं तरी लिहून दाखवावीत. लहानपणी आमच्या गल्लीतल्या वाचनालयातून दिवसाला एक मिळे. अशाच एका पुस्तकाच्या सातव्या पानावर कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, 'खुनी माळी आहे.' इतका संताप आला! तरी वाचत गेलो. माळी दिसला की छाती धडधडे, तो गुलाबाला पाणी घालायला लागला तरी घाम फुटे. शेवटी खुनी निघाला भलताच. माळी बिचारा देवमाणूस. म्हणजे त्या अज्ञात इसमाने मुद्दाम खोटं लिहून ठेवलं होतं. वाचकाची एवढी काळजी वाहणारा समीक्षक मी पुढे पाहिला नाही.

यश, श्रीमंती आणि पहाटे पाचला उठणं या विषयांवरची पुस्तकं मी चार घेतली. चारही तेवीस-चोवीस पानांपर्यंत वाचलेली आहेत. ती विकत घेऊन घरी येईपर्यंत रिक्षात जो उत्साह वाटतो त्यात पैसे वसूल होतात, पुढे वाचायची गरज नसते. पाकशास्त्रात कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आमच्याकडे १९७०च्या दशकापासून आहे. वाटी-चमच्याच्या मापाने शिकवणारी ही बाई थोरच, पण पुस्तकाचा बाज पडला पश्चिम महाराष्ट्राचा. सासूबाईंनी त्यात जागोजागी पेनाने दुरुस्त्या केल्या आहेत: 'तिखट दुप्पट', 'सांबार भरपूर'. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे न कळल्यामुळे पुण्याच्या नव्या सुनेने एकदा वडीवर डाळीचं सांबार ओतायची तयारी केली होती.

माझ्या कसोटीचा एकदाच पार निकाल लागला, तो दीक्षाभूमीवर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली. दसऱ्याच्या सुमाराला लाखो माणसं येतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे जी झुंबड उडते ती मी कुठल्या साहित्य संमेलनात पाहिली नाही. वर्ध्याच्या २०२३च्या संमेलनालाही गेलो होतो. तिथे निम्मी माणसं माझ्यासारखी, पुस्तक उचलून किंमत बघून ठेवणारी. इथे एक बाई, डोक्यावर बोचकं, कडेवर पोट्टी, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हातात घेऊन दुकानदाराला म्हणत होती, "दादा, अक्षरं बारीक हायेत. मोठ्या अक्षराचं दाखवा ना." त्याने दुसरी प्रत दिली. तिने तिथेच उभ्या उभ्या, ऑक्टोबरच्या उन्हात, ओठ हलवत अर्धं पान वाचलं. मागून गर्दीचे धक्के बसत होते. मग कमरेची पिशवी सोडून पैसे मोजले. मी शेजारी 'बलुतं'ची किंमत बघत होतो, ती गुपचूप दिली. दया पवारांचं ते पुस्तक मी घरी सतरंजीवर उघडलं आणि दहा मिनिटांत खुर्चीवर जाऊन बसलो. आडवं पडून वाचायचं ते पुस्तक नव्हे.

बाकी माझी खरी वाचनं लाईन गेली की होतात. गेल्या मेमध्ये बर्डीच्या फूटपाथवरून वीस रुपयांत आणलेली एक रहस्यकथा घेऊन पडलो होतो. तिसऱ्या पानावर डोळे मिटले. तीन वाजता लाईन गेली, कूलर घुरघुरत थांबला, घामाने जाग आली. खिडकीशी बसून सलग ऐंशी पानं वाचली. गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, दार लावून घेतलं, एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि लाईन आली. म्हटलं, पाच मिनिटं वारं घेऊ.

उठलो तेव्हा सहा वाजले होते. बायकोने चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टर होता."

"कोण डॉक्टर?"

"खुनी. तुम्ही झोपून राहिले होते, मी वाचून राहिली होती."