शेपूट नको, नाव सांगा
सावनेरच्या पोट्ट्यानं 'हॅलो.जावा' कंपाईल केलं, शेजारी 'हॅलो.क्लास' हजर. मग ऐटीत 'जावा हॅलो.क्लास' टाइप केलं, तर उत्तर काय, मुख्य क्लास सापडत नाही! फाईल डोळ्यांसमोर, पण जावाला क्लासचं नाव हवं. ते 'हॅलो' पॅकेजात 'क्लास' नावाचा क्लास धुंडाळत बसलेलं. क्लासलोडर अस्सल बाबू: मागणी आली की आधी वरच्याकडे, तो त्याच्याही वरच्याकडे, सगळ्यांनी हात झटकले की मग स्वतःचं कपाट, म्हणजे क्लासपाथ, उघडणार. त्यात क्लासपाथमधले पत्ते वेगळे करायला विंडोजला अर्धविराम लागतो, लिनक्सला अपूर्णविराम. म्हणजे सावनेरच्या लॅपटॉपवर चाललेली आज्ञा नागपूरच्या सर्व्हरवर रुसते. २०१८ च्या जावा ११ पासून मात्र 'जावा हॅलो.जावा' थेट चालतं. इथं शेपूट लागतंच!